उंबरठ्याबाहेरचा भाऊ

'बेघर' हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात क्वचितच येतो. तो सरकारी अहवालातला शब्द, फार तर वर्तमानपत्राच्या अग्रलेखातला. चर्चच्या फाटकाबाहेर, उड्डाणपुलाखाली, स्टेशनच्या जिन्याशी जी माणसे रात्र काढतात त्यांना आपण फूटपाथवाले म्हणतो, भिकारी म्हणतो, गर्दुल्ले म्हणतो. आणि पुष्कळदा काहीच म्हणत नाही, नुसते वळसा घालून पुढे जातो. ही माणसे कोठे पडून असतात आणि कशाची मागणी करतात हे त्या नावांवरून कळते. त्यांच्यापाशी काय नाही, हे मात्र त्यांतल्या एकाही नावातून कळत नाही.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणक रस्त्यांवर, फलाटांवर आणि देवळांच्या आवारांत फिरले आणि ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही अशा माणसांची नोंद केली. देशभरात ती सुमारे १७ लाख ७० हजार भरली. मुंबईत ५७ हजारांच्या वर. एका रात्रीत झोपलेली माणसे मोजायची तर कितीतरी नजरेतून सुटणारच, तेव्हा हा आकडा कमीत कमी समजावा. त्याच जनगणनेत शहरी भारतात एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. मुंबईतील रिकाम्या घरांची संख्या केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने ४ लाख ८० हजार दिली आहे. ही घरे कोणाच्या तरी मालकीची आहेत, कोणी पोटाला चिमटा काढून घेतलेली, कोणी नफ्यासाठी कुलूप लावून ठेवलेली; ती उद्या वाटून टाकावीत असा सोपा हिशेब आम्ही मांडत नाही. पण 'मुंबईत जागाच कोठे आहे?' असे जे आपण हताशपणे म्हणतो, ते तितकेसे खरे नाही, एवढे यावरून दिसते.

आपल्या धर्मग्रामातील माणसे निर्दय आहेत असे आम्हाला वाटत नाही. नाताळच्या आधी घोंगड्या गोळा होतात, प्रायश्चित्तकाळात तांदळाच्या पिशव्या भरतात, सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद वर्षानुवर्षे गरिबांच्या दारी जातात. तरीही याच माणसांच्या तोंडी रविवारच्या मिस्सेनंतर काही वाक्ये ठरावीक असतात. 'कष्ट नकोत यांना.' 'पैसे दिले की दारूत घालवतात.' 'यांना गावी घरे असतात हो, इथे येऊन मुद्दाम पडतात.' आणि शेवटी, 'सरकार काय करते?' शेवटचा प्रश्न रास्त आहे. त्याकडे आपण येऊ. पण पहिल्या तीन वाक्यांचा अर्थ एकच आहे: ज्याला घर नाही, तो घराला पात्र नाही. घर हे सद्गुणाचे बक्षीस आहे आणि आपल्याला ते मिळाले आहे, तेव्हा आपण सद्गुणी असलो पाहिजे, असा हा हिशेब आहे.

तो वस्तुस्थितीला धरून आहे काय, हे पाहण्यासाठी मुंबईचाच एक खटला आठवावा. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना राज्य सरकारने फूटपाथवरील आणि झोपडपट्ट्यांतील लोकांना हुसकून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याचे ठरविले. झोपड्या पाडल्या गेल्या, माणसे बसमध्ये घालून शहराबाहेर नेली गेली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि फूटपाथवर राहणारे काही रहिवासी न्यायालयात गेले. त्या अर्जदारांपैकी एक तामिळनाडूतील सेलमहून आलेला भूमिहीन मजूर होता. दुष्काळाने काम गेले म्हणून तो मुंबईत आला होता आणि रोजंदारीवर एका कारखान्यात राबत होता. त्याला बसने परत पाठविले, आणि तो पुन्हा मुंबईला आला, कारण पोट भरण्याचे साधन येथे होते. काम चुकविणारा माणूस कामासाठी इतका प्रवास करील, असे मानणे कठीण आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी या खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी तो लिहिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क सामावलेला आहे. ही माणसे हौसेने रस्त्यावर राहत नाहीत, कामाच्या जवळ राहता यावे म्हणून राहतात. त्यांचा निवारा हिरावला तर त्यांचे काम हिरावले जाते, असे त्या निकालाचे सार. भारतीय न्यायाच्या इतिहासात हे शब्द मोलाचे ठरले. पण त्याच निकालात पुढे असेही म्हटले आहे की पदपथ हे पादचाऱ्यांसाठी आहेत, त्यांवर कायम ठाण मांडण्याचा हक्क कोणाला नाही, आणि रीतसर नोटीस देऊन लोकांना हलविता येईल. फक्त पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबावे. न्यायालयाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. रस्ता रस्ता राहिला पाहिजे हे कोणालाही पटेल. परंतु या निकालात आम्हाला आपल्याच मनाची ठेवण दिसते. त्या माणसाचे म्हणणे आपल्याला पटते, त्याच्याविषयी कळवळा वाटतो, आणि तरी त्याने आपल्या दारासमोरून हलावे असेही वाटते. कोठे जावे, हे सांगण्याची जबाबदारी मात्र आपण घेत नाही.

निकालाच्याच वर्षी भायखळ्यात 'स्पार्क' या संस्थेने फूटपाथवरील सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. 'वी, द इन्व्हिजिबल' या नावाने तिचा अहवाल निघाला. अदृश्य म्हणवून घेणारी ही माणसे भायखळ्याच्या गर्दीत, आपल्या ग्लोरिया चर्चपासून फार लांब नसलेल्या रस्त्यांवर राहत होती. त्यांतली बहुसंख्य हातावर पोट असणारी श्रमिक माणसे होती: हमाली, फेरी, भांडी-धुणी, बांधकाम. शहराला त्यांचे दिवसाचे श्रम हवे होते. त्यांची रात्र कोणालाच नको होती.

आळसाचा आरोप बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. सगळेच श्रमिक नसतात. काही व्यसनी असतात, काहींचे मन ढळलेले असते, काही वृद्ध घरातून काढलेले असतात, काही स्वतःहून निघालेले. त्यांचे काय? त्याआधी एका गोष्टीकडे वळणे आवश्यक आहे, कारण ती आपल्या घरातली आहे.

धोबीतलाव, माझगाव, भायखळा या भागांत गोव्याच्या गावांची कूड असत. काही अजून आहेत. एकोणिसाव्या शतकात गोव्यातून नोकरीसाठी येणारी माणसे, म्हणजे आगबोटीवरचे खलाशी, आचारी, वाजंत्री, मुंबईत उतरत तेव्हा त्यांना आसरा नसे. मग एका गावच्या लोकांनी एकत्र येऊन एखादी मोठी खोली भाड्याने घ्यावी, प्रत्येकाने अल्पशी वर्गणी द्यावी, आणि बोटीची वाट पाहणाऱ्याला तेथे एक ट्रंक ठेवण्यापुरती आणि सतरंजी पसरण्यापुरती जागा मिळावी, अशी रीत पडली. भिंतीशी ट्रंकांच्या रांगा, एका टोकाला गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची जपमाळ. अशी शेकडो कूड मुंबईत होती. धोबीतलावच्या जेर महालात त्यांतली कित्येक एकाच इमारतीत नांदत. ही जागा फक्त पुरुषांना मिळे, आणि दुसऱ्या गावच्याला सहसा मिळत नसे, हेही सांगायला हवे. ती काही स्वर्गीय व्यवस्था नव्हती.

पण विचार करावा. कूड नसते तर तो खलाशी कोठे झोपला असता? त्याच्यापाशी पैसे नव्हते, भाषा धड येत नव्हती, बोट केव्हा मिळेल याचा भरवसा नव्हता; आणि हातात काम नसलेल्या कित्येक महिन्यांत तो पत्त्यांत वेळ घालवी आणि घोटभर घेईही. आज फूटपाथवरील माणसाविषयी आपण जे बोलतो, त्यातले बरेचसे त्याच्याविषयी बोलता आले असते. तो रस्त्यावर आला नाही, याचे कारण तो सेलमच्या मजुरापेक्षा अधिक कष्टाळू होता हे नव्हे. त्याच्या आधी त्याच्या गावचा कोणीतरी आला होता, आणि त्याने खोलीचे भाडे भरून ठेवले होते. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांच्या, गोव्याच्या असोत की वसईच्या किंवा मंगळूरच्या, मुंबईतील पहिल्या रात्री अशाच कोणाच्या तरी आधाराने गेल्या आहेत: मामाच्या चाळीतली गॅलरी, गावच्या पाद्रींची चिठ्ठी, ओळखीच्या बाईकडे महिनाभर खाणावळ. बेघर होणे म्हणजे भिंती नसणे, हे त्या अवस्थेचे शेवटचे रूप आहे. त्याच्या कितीतरी आधी माणूस असा एकेक 'कोणीतरी' गमावीत जातो.

संत मत्तयच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, शेवटच्या न्यायाचे जे चित्र आहे ते आपण सर्वजण बालपणापासून ऐकत आलो आहोत. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला घरात घेणे, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि बंदिवानाची भेट. पुष्कळदा वाचून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. या सहांपैकी पाच कृत्ये करून आपण घरी परत येऊ शकतो. अन्नाचे पाकीट दाराबाहेर देता येते; वस्त्र पिशवीत घालून पाठविता येते; इस्पितळात भेटीची वेळ संपल्यावर घंटा वाजते. तिसरे कृत्य तेवढे वेगळे आहे. परक्याला आत घेतले की तो आत असतो. रात्री असतो, सकाळी असतो, खोकतो, शौचालय वापरतो, आपल्या मुलांकडे पाहतो. त्या कृत्याला भेटीची वेळ नाही. म्हणूनच असेल, आपल्या धर्मग्रामांत पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या कृत्यांसाठी मंडळे आहेत, तुरुंगातील बंदिवानांसाठीही आहेत. तिसऱ्यासाठी मंडळ आम्हाला फारसे आढळले नाही.

येथे कोणी २६ जुलै २००५ ची आठवण देईल, आणि ती द्यायलाच हवी. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गाड्या बंद पडल्या, रस्ते बुडाले, लाखो माणसे वाटेत अडकली. त्या रात्री मुंबईने अनोळखी माणसांसाठी दारे उघडली. घराघरांतून, शाळांतून, प्रार्थनास्थळांतून भिजलेल्या लोकांना कोरडे कपडे, चहा, अंथरूण मिळाले. धर्म विचारला नाही, पेशा विचारला नाही, 'तू कष्टाळू आहेस ना?' असे तर कोणीच विचारले नाही. त्या रात्रीचा आपल्याला अभिमान वाटतो, तो योग्यच आहे. परंतु त्याच शहरात, त्याच दारांसमोर, २५ जुलैच्या रात्रीही माणसे उघड्यावर होती आणि पुढच्या प्रत्येक रात्री होती. त्यांच्यासाठी दार का उघडले नाही? दया आटली म्हणून नव्हे. २६ जुलैच्या पाहुण्याला स्वतःचे घर होते. पाणी ओसरले की तो जाणार, हे आपल्याला माहीत होते. फूटपाथवरचा माणूस जाणार नाही, ही आपली भीती आहे. त्याच्या दारिद्र्यापेक्षा त्याच्या मुक्कामाला आपण अधिक भितो.

ही भीती अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. चारशे चौरस फुटांच्या घरात सहा माणसे राहतात, त्यांत एक परका कोठे घ्यावा? तरुण मुली घरात असताना कोणत्या आईला हा सल्ला द्यावा? नशेच्या आहारी गेलेला माणूस चोरी करतो, कधी हिंसकही होतो. वाईट रीतीने चालविलेला निवारा शेजाऱ्यांना खरोखरच त्रासदायक होतो. ज्यांच्या दारासमोर रोज घाण होते त्यांचे गाऱ्हाणे हे निर्दयतेचे लक्षण नव्हे, आणि बंगल्यात राहणाऱ्याने चाळीतल्याला त्यावरून उपदेश करू नये. आमचा मुद्दा निराळा आहे. एका कुटुंबाला जे झेपत नाही ते एका धर्मग्रामाला झेपते की नाही, हा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारलेलाच नाही.

जुन्या ख्रिस्तसभेने तो विचारला होता. चौथ्या शतकात कैसरियाचे महागुरू संत बाझील यांनी शहराबाहेर वाटसरू, दरिद्री आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठी वसतिस्थाने उभारली. लोक त्यांना त्यांच्याच नावाने ओळखू लागले. पण पुढच्याच पिढीत संत जॉन क्रिझोस्टोम यांना एक वेगळी अडचण दिसली. प्रेषितांच्या कृत्यांवरील आपल्या प्रवचनात ते श्रोत्यांना बजावतात की ख्रिस्तसभेची धर्मशाळा आहे म्हणून तुम्ही सुटलात असे समजू नका. प्रत्येकाने आपल्या घरी एक खोली परक्यासाठी, म्हणजे ख्रिस्तासाठी, राखून ठेवावी. सोळाशे वर्षांपूर्वीच्या कॉन्स्टॅन्टिनोपलमध्येही लोक 'ते काम संस्था पाहते' असे म्हणत होते तर! आपण म्हणतो, 'मदर तेरेसांच्या सिस्टर्स आहेत ना.' भायखळ्याच्या 'आशा दान'मध्ये त्या धर्मभगिनी जे करतात त्यापुढे मान लवते. पण त्यांनी आपल्या वतीने ख्रिस्ताला आत घेतले म्हणून आपला उंबरठा मोकळा झाला, असे त्यांनी कधी म्हटलेले नाही.

श्रीमंत माणूस आणि लाजरस यांच्या दाखल्यातही असेच आहे. त्या श्रीमंताने लाजरसला हाकलले, मारले, असे तेथे कोठेही नाही. लाजरस त्याच्या दारातच पडून होता. म्हणजे पडू दिलेला होता. पुढे यातनेत सापडल्यावर तो श्रीमंत लाजरसचे नाव घेतो. नाव त्याला ठाऊक होते. येता-जाता रोज त्याला तो पाहत असणार. ओळख होती, नाते नव्हते, एवढाच काय तो त्याचा अपराध. आणि तेवढ्यासाठी केवढी खोल दरी!

आता त्या 'अपात्र' माणसाकडे वळू: जो काम करीत नाही, जो पितो, जो बडबडतो, ज्याला अंगाचा वास येतो. आपल्या वेदीवरच्या संतांत असा एक आहे. बेनेदिक्त जोसेफ लाब्र हा फ्रान्समधला मुलगा १७४८ साली जन्मला. मठात जाण्याची त्याची फार इच्छा. पण कार्थुसियन आणि ट्रॅपिस्ट अशा मठांनी त्याला प्रकृती आणि स्वभाव पाहून परत पाठविले. मग तो तीर्थयात्रा करीत युरोपभर पायी हिंडला आणि शेवटी रोमला स्थिरावला. स्थिरावला म्हणजे काय, कोलोझियमच्या भग्न कमानींत झोपू लागला. अंगावर चिंध्या, चिंध्यांत उवा. दिवसाचा बराच वेळ तो कुठल्यातरी चर्चमध्ये पवित्र साक्रामेंतापुढे असे. अखेरच्या काही वर्षांत त्याला गरिबांच्या एका आश्रमात रात्रीची जागा मिळाली. १६ एप्रिल १७८३ रोजी, पवित्र आठवड्यातील बुधवारी, तो चर्चच्या पायऱ्यांवर कोसळला. जवळच्या एका खाटकाने त्याला घरी नेले आणि तेथे तो वारला. १८८१ साली पोप लिओ तेरावे यांनी त्याला संतपद दिले.

त्याने दारिद्र्य स्वेच्छेने पत्करले होते, ते व्रत होते, हा फरक आम्ही विसरत नाही. पण चर्चच्या दाराशी पाहणाऱ्याला तो फरक दिसत नव्हता. अशा माणसाने रविवारी आठच्या मिस्सेला आपल्या चर्चमध्ये पुढच्या बाकावर येऊन बसावे, तर काय होईल? बाक रिकामे होईल. मग कोणीतरी सौम्यपणे त्याला मागे बसायला सांगेल. आणि पुढच्या रविवारी फाटकावरचा वॉचमन त्याला बाहेरच थांबवील. त्याची तसबीर मात्र आपण आनंदाने लावू.

पात्रतेचा हा आग्रह इतका रुजलेला आहे की कायद्यातही तो उतरला. १९५९ चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा ज्याच्यापाशी उपजीविकेचे दिसण्यासारखे साधन नाही आणि जो सार्वजनिक जागी अशा रीतीने वावरतो की तो भिकेवर जगत असावा, त्यालाही भिकारी ठरवितो. म्हणजे हात पसरायचीही गरज नाही. नुसते तसे दिसणे पुरे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे स्थानबद्धता, पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातील भीक मागण्यास गुन्हा ठरविणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य म्हणून रद्द केली. दारिद्र्याबद्दल शिक्षा, आणि तीही चार भिंतींच्या आत! निवारा द्यायचा नाही म्हणणाऱ्या समाजाने कोठडीसाठी मात्र खर्च केला.

याच्या उलट एक तरतूद आहे, तिचे आम्हाला फार कौतुक वाटते. निवडणूक आयोगाच्या नियमांप्रमाणे बेघर माणसालाही मतदार होता येते. त्याच्यापाशी पत्त्याचा पुरावा नसतो. म्हणून मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने त्याने सांगितलेल्या जागी रात्री जाऊन तो तेथेच झोपतो की नाही हे पाहावयाचे असते. सरकारचा माणूस रात्री येतो तो हुसकण्यासाठी नव्हे, तर 'तू येथला आहेस' अशी नोंद करण्यासाठी. प्रत्यक्षात हे किती ठिकाणी नीट घडते हा भाग वेगळा. पण तत्त्व फार मोठे आहे: आधी घर आणि मग नागरिकत्व, असे नाही.

आमच्या मते येथेच प्रश्नाचे मर्म आहे. आपण म्हणतो, 'आधी दारू सोड, कामाला लाग, मग तुझ्यासाठी काही पाहू.' उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बाप असे म्हणत नाही. पुत्राने घरी येताना एक भाषण तयार केलेले असते, मजुरासारखे ठेवा अशी विनंती त्यात असते. बाप त्याला ते पुरे करू देत नाही, आधी झगा आणि पायतण आणवितो. तो पुत्र पुढे सुधारला की नाही, हे शुभवर्तमानात सांगितलेले नाही. सांगण्याची गरज वाटली नसावी.

हे केवळ भाविकपणाचे बोलणे आहे, व्यवहारात चालत नाही, असे वाटणाऱ्यांसाठी एका थंड देशाचा दाखला देतो. फिनलंडमध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेघरांची संख्या अठरा हजारांच्या आसपास होती. २००८ पासून तेथील शासनाने, नगरपालिकांनी आणि सेवाभावी संस्थांनी मिळून असे धोरण धरले की व्यसन सोडण्याची अट न घालता आधी भाड्याचे छोटे घर द्यावे आणि मग उपचार, काम, कर्जफेड यांची मदत करावी. मोठमोठ्या शयनगृहांची रूपांतरे स्वतंत्र खोल्यांत केली गेली. हेलसिंकीतील साल्व्हेशन आर्मीचे वसतिगृह हे त्याचे उदाहरण. २०२३ पर्यंत संख्या साडेतीन हजारांच्या खाली आली. पुढच्या वर्षी ती बऱ्याच काळानंतर थोडी वाढली. कोणतेही धोरण एकदा आखून मोकळे होता येत नाही. तो देश श्रीमंत आहे आणि लोकसंख्येने लहान आहे, हेही खरे. पण दाराला किल्ली मिळाल्यावर माणूस सुधारण्याची शक्यता वाढते, हे तेथे सिद्ध झाले. किल्ली मिळण्यासाठी आधी सुधारायला लावून नव्हे.

आता 'सरकार काय करते?' या प्रश्नाकडे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांना बेघरांसाठी निवारे उभारण्याचे आदेश दिले. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर एक लाख लोकसंख्येमागे एक, वर्षभर चोवीस तास खुला, असे प्रमाण ठरले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे १२४ निवारे हवेत. पुढील दहा वर्षांत शहर त्याच्या जवळपासही पोहोचले नाही. सरकारला जाब विचारलाच पाहिजे. परंतु निवारा बांधायचा म्हटले की जागा लागते, आणि जागा कोणत्यातरी वॉर्डात, कोणाच्यातरी शेजारी असते. तेथे सह्यांचे निवेदन तयार होते. त्या सह्यांत आपल्या माणसांच्या सह्या नसतात असे छातीठोकपणे कोण सांगेल? सरकारने करावे, पण येथे करू नये, या दोन वाक्यांचा गुणाकार शून्य येतो.

१९८७ हे संयुक्त राष्ट्रांनी बेघरांसाठी निवाऱ्याचे वर्ष म्हणून पाळले. त्यानिमित्त रोममधील न्याय व शांती आयोगाने एक दस्तऐवज काढला. 'आपल्या बेघर भावाचे तू काय केलेस?' अशा अर्थाचे त्याचे शीर्षक काइनला देवाने विचारलेल्या प्रश्नाची आठवण देते. घर ही केवळ बाजारातील वस्तू नव्हे, तो माणसाच्या प्रतिष्ठेशी निगडित हक्क आहे, असे त्यात मांडले आहे. दया आणि न्याय यांतला फरक येथे येतो. घोंगडी ही माझी होती, मी दिली. जागेविषयी तसे म्हणता येत नाही, कारण जमीन आपल्यापैकी कोणीच निर्माण केलेली नाही. पोप फ्रान्सिस यांनी हा दस्तऐवज नुसता कपाटात ठेवला नाही: २०१५ मध्ये संत पेत्राच्या चौकालगत बेघरांसाठी स्नानगृहे सुरू झाली, त्याच वर्षी जवळच एक शयनगृह उघडले, आणि २०१९ मध्ये त्याच चौकाशेजारचा पालाझ्झो मिल्योरी हा प्रशस्त प्रासाद हॉटेलसाठी भाड्याने न देता त्यांच्या निवाऱ्यासाठी देण्यात आला. जगातल्या सर्वांत महागड्या पत्त्यांपैकी तो एक असेल.

आपल्या धर्मग्रामांत प्रासाद नाहीत, पण सभागृहे आहेत. लग्नाचा हंगाम सोडला तर रात्री ती बंद असतात. शाळांचे वर्ग संध्याकाळी सहापासून सकाळी सातपर्यंत रिकामे असतात. २०२० च्या मार्चअखेरीस सर्वांना घरात राहण्याचा हुकूम झाला, तेव्हा ज्यांना घरच नव्हते त्यांना कोठे ठेवावे या विवंचनेत ठिकठिकाणी शाळाच उघडाव्या लागल्या. म्हणजे ते अशक्य नाही. आम्हाला एखादी भव्य योजना सुचवायची नाही. वीस माणसांची सोय, पुरुषांची एकीकडे आणि स्त्रियांची दुसरीकडे, एखादे जाणते जोडपे देखरेखीला, महिन्यातून दोनदा डॉक्टर, आणि पोलीस ठाण्याला व महापालिकेला आधी दिलेले पत्र, एवढ्याने सुरुवात होते. तेथे मुक्काम करणाऱ्याला त्या जागेच्या पत्त्यावर पत्र येऊ शकेल, शिधापत्रिकेचा अर्ज करता येईल, बँकेत खाते काढता येईल. जुन्या कुडीतल्या खलाशाला घरून येणारे पत्र मुंबईच्या अशाच एका पत्त्यावर येत असे.

धर्मग्राम सभेच्या पुढच्या बैठकीत हा विषय निघाला तर पहिली हरकत बहुधा शौचालयांची निघेल, दुसरी शाळेतल्या पालकांची, तिसरी विजेच्या बिलाची. या हरकतींवर बोलता येते. त्यांना उत्तरे आहेत, थोडी खर्चाची आणि थोडी कटकटीची. अवघड प्रश्न नंतर येईल, बहुधा बैठक संपत आल्यावर, कोणीतरी घड्याळाकडे पाहत विचारील: 'पण मग ते गेलेच नाहीत तर?'